वैशाखात रानफुलं आणि नेचे बघायचे असतील तर आधी पाणी शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही चौघं पाच दिवस महाबळेश्वरला जाताय. मुलं ८ आणि १२ वर्षांची आहेत. त्यांना रानफुलं आणि नेचे (फर्न) दाखवायचेत, पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "आत्ता तिथे काय ठेवलंय? सप्टेंबरात कासला जा." शिवाय धाकटीने विचारलंय की नेच्याला फूल कधी येतं, आणि तुम्हाला ते सांगता आलं नाही.

जा, नक्की जा. मी गेली २२ वर्षं सह्याद्रीत निसर्गफेऱ्या नेते आणि त्यातली एक तरी दरवर्षी मुद्दाम वैशाखात ठेवते. आलेली माणसं पहिला अर्धा तास जरा हिरमुसलेली असतात, कारण समोर पिवळं गवत, लाल धूळ आणि दगड. मग एकदा कुठे बघायचं ते कळलं की त्यांना पुढे न्यायला मला ओढावं लागतं.

अडचण फुलं नसण्याची नाही. कासच्या फोटोंनी आपल्या डोळ्यांना गालिच्याची सवय लावली आहे. फूल म्हणजे पायाशी, लाखोंनी, सगळं एकदम. ती फुलं बहुतेक एका पावसाची पाहुणी असतात. तेरड्याची मुळं जेमतेम चार बोटं खोल जातात, सीतेच्या आसवांना तर खरी मुळंच नसतात. पाऊस आहे तोवर ती जगतात, बी टाकतात आणि संपतात. वैशाखात ती बी होऊन मातीत पडलेली असतात, ती दिसणारच नाहीत. आत्ता दिसतात ती वेगळी मंडळी. म्हणून मी फेरीच्या सुरुवातीला मुलांना एकच काम देते. समोर जे हिरवं किंवा फुललेलं दिसेल त्याला विचारायचं, "बाबा रे, तुझं पाणी कुठे आहे?" कुणाचं खोल मुळांशी असतं, कुणाचं जमिनीखालच्या कांद्यात, कुणाचं दगडाच्या पाझरत्या भेगेत. आणि काही नेच्यांचं उत्तर असतं, "माझ्याकडे पाणी नाहीच, मी झोपलोय." हा प्रश्न धरून चाललात की जागा आपोआप सापडतात.

आता जे परिस्थितीवर आहे ते आधी सांगते. सर्वांत मोठा फरक पाडतो वळीव. तुमच्या आधी आठ-दहा दिवसांत दोन चांगल्या सरी झाल्या असतील तर डोंगर पार वेगळा दिसेल, नसतील तर बरंच काही कळ्यांतच असेल. दुसरं, तुम्ही कुठल्या उतारावर आहात. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे पश्चिमेकडच्या कड्याजवळची राई आणि वाईच्या बाजूचा माळ यांत एकाच दिवशी दोन ऋतू असतात. तिसरं म्हणजे वणवा. जिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये आग फिरली तिथली झुडपं आणि खोडांवरचे नेचे जळालेले असतात आणि ते परत यायला वर्षं जातात. काळा पडलेला उतार दिसला तर तिथे वेळ घालवू नका. एक अपवाद आहे, तो नेच्यांच्या ओघात येईल.

पहिल्या सकाळी झाडांपासून सुरुवात करा. महाबळेश्वरचं जंगल मुख्यतः अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांचं आहे. अंजनीचा खरा बहर मार्च-एप्रिलमध्ये असतो, पण उशिरा फुललेली एखादी फांदी मेमध्येही मिळते. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट काडीला बिलगून येतात, गर्द निळी-जांभळी, आणि गळली की झाडाखाली निळी भुकटी सांडल्यासारखी दिसते. फुलं नसतील तर त्याच जागी बारीक गोल फळं असतील. पान हातात न तोडता उजेडाकडे धरून बघा, जाड आणि चकचकीत, आणि मधल्या शिरेशिवाय बाकीच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. ही खूण पक्की आहे.

घाट उतरायला लागलात की कुडा भेटेल, आणि माझ्या मते मेमधलं मुलांना शिकवण्यासारखं हेच सर्वांत चांगलं झाड. पांढऱ्या फुलांचे झुबके, मंद गोड वास, समोरासमोर पानं, आणि देठ मोडला तर पांढरा चीक. याच्या सालीपासूनच कुटजारिष्ट हे आयुर्वेदिक औषध करतात आणि कोकणात फुलांची भाजी होते. आता इथे थांबून फुलाच्या आत बघा. पाच पाकळ्यांच्या मधोमध साधी नळी असेल तर हा पांढरा कुडा. मधे झालरीसारखी कातरलेली मुगुटी दिसली तर तो काळा कुडा, दूरचा भाऊ. त्यावर गेल्या वर्षीच्या शेंगा लटकत असतील तर त्याही बघा, दोघांच्याही जोडीने येतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची जोडी टोकाशी चिकटलेली असते, पांढऱ्याची मोकळी. बारा वर्षांच्या मुलाला हा फरक एकदा स्वतः सापडला की तो पुढच्या प्रत्येक कुड्यापाशी तुम्हाला थांबवेल.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. जांभूळ मार्च-एप्रिलमध्ये फुलतं आणि त्याचं फळ जूनच्या तोंडावर पिकतं. त्याचं बी वाळलं की मरतं, म्हणून ते पडतं तेव्हा ओली माती तयार हवी. कुडाही उन्हाळ्यातच फुलतो, पण त्याला जूनची घाई नाही. त्याच्या शेंगा सावकाश वाढतात, पुढच्या कोरड्या दिवसांत तडकतात आणि केसांचा झुबका लावलेलं बी वाऱ्यावर जातं. दोघं एकाच उन्हात फुलतात, पण एकाचा हिशोब पावसाशी असतो आणि दुसऱ्याचा वाऱ्याशी. उन्हाळ्यात झाडं "उगाच" फुलत नाहीत हे मुलांना यातून फार लवकर कळतं.

याच दिवसांत झुडपांवर चढलेली कुसर बघा. हीच रानजाई, अरुंद पाकळ्यांची पांढरी चांदणी, वास जाईचाच. गेळा वळवाच्या सरीनंतर फुलतो. त्याचं फूल पांढरं उमलतं आणि पिवळं होत जातं, म्हणून एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. करवंदीची फुलं बहुतेक संपलेली असतील, पण काळी मैना खायला मिळेलच.

आता जमिनीखालचं पाणी. संध्याकाळी पाचनंतर मोकळ्या, दगडाळ माळावर चक्कर मारा आणि पान नसलेले उभे दांडे शोधा. हा रानकांदा, काही भागात याला कोळकांदा म्हणतात. गुडघाभर दांडा, त्यावर विरळ, मळकट पांढरी, घंटीसारखी फुलं. भर दुपारी हा दांडा वाळकी काडी वाटतो आणि शंभरातले नव्वद लोक त्याला ओलांडून जातात. ऊन उतरलं की फुलं उमलतात, म्हणून वेळ सांभाळायची. पानं पावसात येतात, तेव्हा फूल नसतं. फूल आणि पान एकमेकांना भेटत नाहीत. हा कांदा विषारी आहे, खणायचा नाही आणि चाखायचा तर मुळीच नाही.

शेवळं ही कंदातून उगवणारी रानभाजी तुमच्या तारखांना बहुधा मिळणार नाही. ती रोहिणी नक्षत्रात, मेच्या शेवटी कोकणपट्टीत जमिनीतून वर येतात आणि ठाणे-रायगडच्या बाजारात जुड्या दिसायला लागतात, सोबत त्यांची खाज मारायला काकडं नावाची आंबट फळं. वळीव लवकर झाला आणि तुम्ही पोलादपूरकडे उतरलात तर एखादं दिसेलही.

ऑर्किडबद्दल थोडंच लिहिते. मेमध्ये जुन्या झाडांवर सीतेची वेणी फुलायला लागते, गुलाबी ठिपक्यांची लोंबती वेणी. ती बहुधा महाबळेश्वरच्या माथ्यापेक्षा खाली, उबदार उंचीवर मिळेल. लोक तिला बांडगूळ समजतात. बांडगूळ यजमान झाडाच्या फांदीत शिरून त्याचा रस घेतं. ऑर्किड नुसतं खोडाला धरून बसतं. दुर्बिणीतून मुळं बघा, जाड, पांढरट दोरखंडासारखी. त्यावर सर पडून गेली की ती हिरवी दिसू लागतात, कारण बाहेरचं स्पंजासारखं आवरण पाणी पितं आणि आतला हिरवा रंग दिसतो. पुढचं मागचं काही न बघता ही वेणी तोडून घरच्या आंब्यावर बांधणारे मी पाहिलेत. त्यातली फार थोडी जगतात. कृपया करू नका.

आणि आता नेचे. मला सर्वांत जास्त यांच्याबद्दलच सांगायचंय.

धाकटीला सांगा की नेच्याला फूल कधीच येत नाही. फुलं पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून नेचे आहेत. त्यांना बी नाही, फळ नाही. पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके किंवा रेघा असतात, त्यात धुळीसारखे बीजाणू तयार होतात. नर्सरीतून नेचा आणलेले कितीतरी जण मला विचारतात की पानाला कीड लागली, काय फवारू. कीड कुठेही, कशीही पसरते. हे ठिपके शिस्तीत बसलेले असतात, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून नखाएवढं, हृदयाच्या आकाराचं हिरवं पातळ पान तयार होतं, आणि त्यावर पाण्याचा पातळ थर असेल तेव्हाच नर आणि मादी पेशींची भेट होऊन नवा नेचा जन्मतो. म्हणूनच नेचा पाण्याला इतका बांधलेला आहे. मग वैशाखात तो काय करतो? याचं उत्तर बघायलाच तुम्ही जाताय असं समजा.

काही नेचे पाणी सोडतच नाहीत. जुन्या महाबळेश्वरच्या बाजूला जिथे झरे आहेत, किंवा रस्त्यासाठी जांभा कापलेल्या दरडी जिथे ओल्या दिसतात, तिथे हंसराज शोधा. काळी, तारेसारखी चमकदार दांडी आणि पंख्यासारख्या कोवळ्या पानोळ्या, म्हणजे एका पानाचे छोटे छोटे भाग. पानावर बाटलीतलं पाणी शिंपडा, ते थेंब होऊन घरंगळून जातं, पान कोरडंच राहतं. मुलं हे दहा वेळा करतात. पानोळीची कड मागे दुमडलेली असते, त्या दुमडीखालीच बीजाणू असतात, भिंगातून छान दिसतात.

काही नेचे जमिनीखाली जातात. मघाशी जळालेल्या उताराचा अपवाद म्हणाले तो हा. महाबळेश्वरच्या उघड्या उतारांवर ब्रॅकन नावाचा कमरेएवढा वाढणारा नेचा आहे. याचं खोड जमिनीत आडवं पसरतं, म्हणून वरचं सगळं जळालं तरी तो राखेतून पुन्हा कोंब काढतो. कोंब गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळलेले असतात, वर लव. नेचा ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे, कोवळं पान गुंडाळी उलगडत वाढतं. शतावरीला दुकानात फर्न म्हणून विकतात, पण तिच्यात ही गुंडाळी नाही, तिला फुलं आणि लाल फळं येतात, ती नेचा नव्हे. ब्रॅकनचे कोंब भाजी म्हणून खायचे व्हिडिओ दिसतात. खाऊ नका. त्यात कर्करोगाला कारण ठरणारं द्रव्य असतं आणि गुरांनाही त्याची विषबाधा होते.

काही नेचे झोपतात, आणि हे मला अजूनही दरवर्षी तितकंच विलक्षण वाटतं. दगडाच्या खाचांत आणि गडांच्या जुन्या तटांत मोरपंखी असते, बोटभर उंचीची, मोराच्या पिसाऱ्यासारखी. उन्हाळ्यात ती मुठीसारखी मिटून तपकिरी होते. तिच्यासारखाच रुपेरी नेचा, ज्याच्या पानाच्या मागे पांढरी पावडर असते. पावसात त्याचं पान हातावर दाबलं तर पांढरा ठसा उमटतो. आत्ता तो वाळून असा वळलेला असतो की पांढरी बाजू बाहेर येते आणि ऊन परतवते. मेलेला वाटतो, पण त्याच्या पेशींनी जवळजवळ सगळं पाणी सोडून दिलेलं असतं आणि पाणी मिळालं की त्या पुन्हा कामाला लागतात. तुम्ही पाच दिवस आहात, तर एक प्रयोग करा. मुक्कामाजवळच्या एखाद्या दगडाच्या भेगेतला असा मिटलेला नेचा निवडा, संध्याकाळी मुळाशी आणि पानांवर अर्धी बाटली पाणी सावकाश ओता आणि सकाळी जाऊन बघा. काही पानं खरंच मेलेली असतात, ती उघडणार नाहीत. बाकीची बऱ्यापैकी उलगडलेली दिसतील. एकाच जागी एकदाच करा, रोज पाणी घालून त्याला पाऊस आल्याचं खोटं सांगू नका.

शेवटी बाशिंग. कोकणाकडे उतरताना आंब्याच्या खोडावर किंवा खडकावर दिसेल. याला दोन तऱ्हेची पानं असतात. एक लांब, हिरवं, कापलेल्या पिसासारखं. त्याच्या पानोळ्या उन्हाळ्यात गळतात आणि नुसते दांडे कंगव्यासारखे उभे राहतात. दुसरं बिनदेठाचं, तपकिरी, कागदासारखं, खोडाला ओंजळीसारखं चिकटलेलं. हे दुसरं पान वाळल्यानंतरच त्याचं खरं काम सुरू होतं. वरून पडणारी पानं, धूळ, पक्ष्यांची विष्ठा त्या ओंजळीत साठते, तिची माती होते, आणि नेच्याची मुळं झाडाच्या अंगावरच त्या मातीत वाढतात. कपाळाला बांधतात त्या बाशिंगासारखा आकार, म्हणून हे नाव.

काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका बागेत मला फेरीसाठी बोलावलं होतं. आदल्याच आठवड्यात मालकांनी हौसेने जुन्या आंब्यावरची "वाळलेली बांडगुळं" कोयत्याने खरवडून काढली होती, पाहुण्यांना झाड स्वच्छ दिसावं म्हणून. खाली ढीग पडला होता. मी त्यातली एक ओंजळ उचलून उलटी केली तर आतून मूठभर काळी, भुसभुशीत माती, तीन गांडुळं आणि बोटाएवढा लवदार, जिवंत हिरवा कोंब निघाला. ते गृहस्थ बराच वेळ ती माती हातात घेऊन उभे होते. उरलेले तुकडे आम्ही सुतळीने खोडाला बांधले, त्यातले दोन लागले. तेव्हापासून मी वैशाखातली फेरी कधी चुकवत नाही, कारण वाळलेलं आणि मेलेलं यांतला फरक याच महिन्यात दाखवता येतो.

आता फिरायचं कसं. सकाळी साडेसहाला निघा, साडेनऊला परत या, आणि पुन्हा पाच ते साडेसहा. मधल्या उन्हात मुलांना नेऊ नका. अंतर कापायचं नाही, दोन तासांत अर्धा किलोमीटर झाला तर फेरी चांगली झाली असं समजा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. नावासाठी फोटो काढताना फक्त फुलाचा काढू नका. अख्खं झाड, पानाच्या दोन्ही बाजू, पान काडीला कसं जोडलंय ते, फूल समोरून आणि बाजूने, आणि भोवतालची जागा, एवढे हवेत. नेच्याच्या बाबतीत पानामागचा फोटो नसेल तर नाव सांगणं जवळजवळ अशक्य असतं. मोबाइलवरची ॲपं नाव सुचवतात, ते उत्तर न मानता तिथून शोध सुरू करा. मराठी नावं तालुक्यागणिक बदलतात, म्हणून गावातल्या आजीने सांगितलेलं नाव वहीत लिहा आणि पुढे ते कुठल्या गावचं तेही लिहा.

दोन काळज्या आहेत. महाबळेश्वरच्या जंगलात गवे आहेत, पहाटे नि संध्याकाळी ते वाटेवर येतात. दिसले तर जागीच थांबा, वाट त्यांना सोडा. आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे अत्तर लावून जाऊ नका आणि धूर, आरडाओरडा टाळा.

तुमच्या पाच दिवसांत संध्याकाळी वळीव आलाच, तर दुसऱ्या दिवसाचं पॉइंट बघण्याचं सगळं रद्द करा. पहाटे आधी त्या मिटलेल्या मोरपंखीपाशी जा, मग गेळ्याच्या झुडपापाशी, आणि दोन्हींचे फोटो इथे टाका. पानामागचा विसरू नका.